हिर्शस्प्रुंग व्याधी : खुली शस्त्रक्रिया की दुर्बिणीद्वारे?

नवजात बालकाचे पोट फुगले, मलप्रवृत्ती झाली नाही, की खेड्यातील पालक बहुधा प्रथम वैद्यांकडे वा औषधी दुकानात येतात. अशा वेळी आपण दिलेला सल्ला निर्णायक ठरतो, म्हणून या विषयाचा येथे संक्षेपाने विचार करीत आहोत.

व्याधिस्वरूप : कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये हा विकार वर्णिला. सुमारे 5000 जन्मांत एका बालकास तो आढळतो. मुलांत प्रमाण अधिक. गुदाजवळील आतड्यात जन्मतःच चेतापेशींचे पुंजके नसतात. तो भाग शिथिल होत नाही, मल पुढे सरकत नाही आणि वरचे आतडे फुगत जाते. अपान वायूच्या अवरोधाशी व बद्धगुदोदराशी लक्षणसाम्य असले तरी मूळ दोष रचनेतील असल्याने औषधाने तो दूर होत नाही. उदर उघडून अवरोध काढण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आहेच.

शस्त्रक्रिया : चेतापेशीरहित भाग काढून निरोगी आतडे गुदाशी जोडणे हे तत्त्व स्वेन्सन यांनी 1948 मध्ये रूढ केले. 1995 मध्ये जॉर्जसन व सहकाऱ्यांनी हीच क्रिया दुर्बिणीद्वारे वर्णिली. 1998 मध्ये केवळ गुदमार्गे करण्याची पद्धतही पुढे आली.

तुलना : दुर्बिणीच्या पद्धतीत छेद लहान, वेदना कमी, स्तनपान लवकर सुरू होते, रुग्णालयातील वास्तव्य घटते व व्रण सूक्ष्म राहतो. आतड्याचा तुकडा तपासून निरोगी भाग कोठून आरंभतो हे आधी ठरवता येते. मात्र वेळ अधिक लागू शकतो. अनुभवी बालशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ आवश्यक असतात. मलनियंत्रण, बद्धकोष्ठ व आंत्रशोथ या दूरगामी बाबतींत दोन्ही पद्धतींत मोठा भेद सिद्ध झालेला नाही. आतडे फाटले वा अतिशय फुगले असल्यास खुली पद्धत व तात्पुरता कृत्रिम मलमार्ग हाच सुरक्षित उपाय. तात्पर्य, छेदाच्या लांबीपेक्षा शल्यचिकित्सकाचा अनुभव आणि वेळेवरचे निदान महत्त्वाचे.

आपले कर्तव्य : जन्मानंतर 48 तासांत काळा मल झाला नाही, हिरवी उलटी, पोटफुगी, किंवा दुर्गंधी अतिसारासह ज्वर असल्यास बालक त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवावे. शेवटचे लक्षण आंत्रशोथाचे असून ते प्राणघातक ठरते. शस्त्रक्रियेनंतरही ते उद्भवू शकते. एरंडेल, घुटी वा साध्या पाण्याचा बस्ती देऊ नये. औषधविक्रेत्यांनीही रेचक देऊन पालकांना परत पाठवू नये. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकांत आयुष वैद्य असतात. जुनाट बद्धकोष्ठ व खुंटलेली वाढ असलेली मोठी बालके त्यांनी आवर्जून हेरावीत.

वाशीम येथे 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी या शस्त्रक्रियेसाठी नागपूरसारख्या केंद्राकडे जावे लागू शकते. म्हणून पालकांना चिठ्ठी देताना प्रथम मल केव्हा झाला, हे त्यावर अवश्य लिहावे.