उपाशीपोटी साखर येते कोठून?

रात्री ८ ला जेवण, सकाळी ७ पर्यंत पोटात काही नाही. तरीही काही गरोदर स्त्रियांच्या रक्तात सकाळी साखर जास्त भरते. हे कसे? साखर फक्त ताटातूनच येते असे तुम्ही समजत असाल, तर यकृताला विसरलात! आपण झोपलो असता यकृत आपल्या साठ्यातून ग्लुकोज रक्तात सोडीत असते. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि या कामाला जोर येतो. त्याला आवर घालते इन्शुलिन. परंतु गरोदरपणी वारेतून येणारी संप्रेरके इन्शुलिनचा प्रभाव कमी करतात. स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन पुरविणे जमले नाही, की गर्भकालीन मधुमेह होतो.

म्हणून ‘साखर वाढली, आज जेवू नकोस’ हा घरचा सल्ला (तो मायेपोटीच दिलेला असतो) चुकीचा ठरतो. उपासाने यकृत थांबत नाही. उलट चरबी जळून रक्तात कीटोन वाढतात. त्यापेक्षा दिवसाचे अन्न थोडेथोडे विभागून खावे. सकाळी इन्शुलिनचा प्रभाव विशेष कमी, तेव्हा न्याहारीचे पोहे बेतानेच. अपुरी झोपही हा प्रभाव घटविते.

उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात साखर ९५ मिलिग्रॅमहून कमी असावी, असे उद्दिष्ट ठेवतात. आहाराने ते साधले नाही, तर डॉक्टर बहुधा इन्शुलिन देतात. ते वार ओलांडून बाळाकडे सहसा जात नाही. आईची जादा साखर मात्र सहज जाते आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढते.