दोन संत्री आणि एक लिंबू

कारवारच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अंजदीव नावाचे एक लहानसे बेट आहे. ५ ऑक्टोबर १४९८ रोजी वास्को द गामाची जहाजे ह्या बेटावरून स्वदेशी जाण्यास निघाली. वारा अनुकूल नव्हता. कधी तो पडे, तर कधी उलट दिशेने वाहू लागे. अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत जवळजवळ तीन महिने लोटले. तेवढ्या अवधीत तीस खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, घास चावणेही अशक्य झाले. प्रत्येक जहाज चालविण्यास सात-आठच माणसे उरली आणि तीही धड नव्हती. मालिंदी बंदर लागताच रोग्यांनी एकाच वस्तूचा ध्यास घेतला. ती वस्तू म्हणजे संत्री.

ह्या रोगाला स्कर्व्ही असे म्हणतात. लांबच्या सफरीवर जहाजात जे अन्न भरीत, ते महिनोन्‌महिने टिकणारे असे: दगडासारखी कडक बिस्किटे, खारविलेले मांस, वाळलेले वाटाणे. पोट भरण्यास ते पुरेसे होते. तरीही दोन-तीन महिन्यांत माणसे खचू लागत. इंग्रज सेनानी ॲन्सन हा १७४० साली ज्या सफरीवर निघाला, तिच्या वृत्तांतात एका वृद्ध खलाशाची हकीकत आहे. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली त्याची जखम कधीच भरून आली होती. परंतु स्कर्व्ही होताच ती जुनी जखम जणू कधी भरलीच नव्हती अशी पुन्हा उघडली. त्या सफरीत सुमारे एकोणीसशे माणसांपैकी बहुसंख्य दगावली. शत्रूच्या हातून त्यांतील अगदी थोडी मेली.

आणि तरीही ह्या रोगावरील एक इलाज युरोपियनांस दोनशे वर्षांपूर्वीच कळलेला होता! १५३५ सालच्या हिवाळ्यात जाक कार्तिए ह्या फ्रेंच दर्यावर्द्याची जहाजे कॅनडातील एका नदीच्या बर्फात अडकून पडली. त्याच्या एकशे दहा माणसांत निरोगी अशी दहाही उरली नाहीत. आपली दुर्बलता तेथील रहिवाशांस कळू नये म्हणून कार्तिए आपल्या माणसांना जहाजात ठोकाठोक करावयास लावी; बाहेरच्यांस वाटावे की, आत सारे कामात गुंतले आहेत. एके दिवशी त्याला दोमागाया नावाचा तेथील एक तरुण बर्फावरून ताठ चालत येताना दिसला. थोड्याच दिवसांपूर्वी हाच तरुण गुडघा सुजून आजारी पडलेला त्याने पाहिला होता. आपला एक नोकर आजारी आहे, असे सांगून कार्तिएने त्याला औषध विचारले. दोमागायाने काही आडपडदा ठेवला नाही. दोन स्त्रियांनी रानातून एका सदाहरित वृक्षाच्या फांद्या आणल्या आणि पाला व साल उकळून काढा कसा करावयाचा, ते दाखविले. फ्रेंचांनी आठवड्याभरात एक सबंध वृक्ष संपविला. पंचवीस माणसे तोवर मेली होती. उरलेली उठून उभी राहिली.

ह्या उपकाराची फेड मात्र विलक्षण झाली. १५३६ च्या मे महिन्यात कार्तिएने दोमागायाला आणि त्याच्या पित्याला पकडून बळेच फ्रान्सला नेले. त्यांना मायदेश पुन्हा दिसला नाही. तो काढाही युरोपातील वैद्य लवकरच विसरून गेले.

पुढे २० मे १७४७ रोजी ‘सॉल्झबरी’ ह्या इंग्रज युद्धनौकेवरील जेम्स लिंड नावाच्या वैद्याने एक प्रयोग आरंभिला. त्याने स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले. सर्वांची लक्षणे शक्य तितकी सारखी होती. त्यांना एकाच ठिकाणी ठेवून एकच आहार दिला आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीस सफरचंदाचा आंबविलेला रस, दुसरीस पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल, तिसरीस शिरका, चौथीस समुद्राचे पाणी, पाचवीस लसूण, मोहरी इत्यादिकांचे चाटण आणि सहावीस रोज दोन संत्री व एक लिंबू, असा क्रम ठरला. सहा दिवसांत जहाजावरील फळे संपली. परंतु तेवढ्यात त्या जोडीतील एक खलाशी कामावर रुजू होण्याइतका बरा झाला, आणि दुसऱ्यास इतर रोग्यांच्या शुश्रूषेस नेमण्यात आले! सफरचंदाच्या रसाने थोडा गुण आला. बाकीच्या औषधांनी काहीच साधले नाही.

लिंडने १७५३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि रस पुष्कळ दिवस टिकावा म्हणून तो तापवून आटवावा, असेही त्याने सुचविले, आणि तेथे घात झाला. तापविण्याने त्या रसाचा गुणच नष्ट होई. लिंबाचा रस सर्व खलाशांस देण्याचा निर्णय इंग्रज आरमाराने घेतला तो १७९५ साली. एवढ्या स्पष्ट पुराव्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे! तेवढ्या काळात किती माणसे व्यर्थ गेली असतील!

फळांतील हा गुण म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व होय. शरीरातील पेशी व कातडी यांना सांधून ठेवणारे तंतू तयार होण्यास ते अवश्य असते. ते न मिळाल्यास हे तंतू विरू लागतात आणि भरलेल्या जखमाही उकलतात. गाय, कुत्रा, मांजर हे प्राणी ते स्वतःच्या शरीरातच निर्माण करतात. मनुष्याला ती शक्ती नाही. त्याला ते ताज्या फळांतून, भाज्यांतून किंवा रानातल्या पाल्यातून मिळवावे लागते.

हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी ह्यांना हे जीवनसत्त्व विपुल प्रमाणात हवे होते. ते त्यांना संत्र्यांत नव्हे, तर त्यांच्या गावी मुबलक पिकणाऱ्या मिरचीत गवसले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ताज्या मिरचीत हे जीवनसत्त्व संत्र्याहून अधिक असते; पेरूत ते संत्र्याच्या सुमारे चौपट असते. ही दोन्ही झाडे मूळची अमेरिकेतील. वास्को द गामानंतर आलेल्या पोर्तुगीजांनीच ती आपल्या गलबतांतून हिंदुस्थानात आणली.