फाइल सापडत नाही : संगणकाच्या एका निरोपाचा अर्थ आणि उपाय

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढ्या मोठ्या वस्तीचा नित्याचा व्यवहार आता संगणकाच्या आधाराने चालतो. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, दुकानदाराची येणी-देणी, शिकवणी वर्गाची हजेरी आणि सेवा केंद्रातून भरले जाणारे दाखल्यांचे अर्ज ही त्याची सहज दिसणारी उदाहरणे होत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये नागरिकाला अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क प्राप्त झाला आहे. परंतु अर्ज भरण्याचा संगणकच सकाळी सुरू झाला नाही, तर मुदतीची गणना सुरू होण्यापूर्वीच अर्जदाराचा एक दिवस वाया जातो.

असा खोळंबा करणाऱ्या कारणांत एक निरोप वारंवार आढळतो. संगणक सुरू होताना पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटते की, अमुक फाइल सापडत नाही. पाहणारा घाबरतो, संगणक दुरुस्तीला जातो आणि पुष्कळदा सल्ला मिळतो तो सर्व पुसून पुन्हा नव्याने भरण्याचा, म्हणजेच ‘फॉरमॅट’ करण्याचा. या उपायाने निरोप जातो हे खरे. पण प्रत अन्यत्र ठेवलेली नसेल, तर त्याबरोबर संस्थेचे दहा वर्षांचे हिशेबही जातात. वास्तविक या निरोपाचा अर्थ समजून घेतला, तर असा टोकाचा उपाय करण्याची वेळ क्वचितच येते.

नोंद आहे, नस्ती नाही

शासकीय कचेरीतील अभिलेख कक्षाचे उदाहरण घेऊ. नोंदवहीत नस्तीचा क्रमांक, कपाट आणि खण लिहिलेला असतो. शिपाई त्या खणापर्यंत जातो, पण नस्ती तेथे नसते. तो परत येऊन सांगतो, ‘नस्ती जागेवर नाही.’ यात कपाट मोडलेले नसते, की इतर नस्त्यांना धक्का लागलेला नसतो. संगणकाचेही असेच आहे. सुरू होताना कोणती फाइल कोठून उचलावयाची, याच्या नोंदी त्यात असतात. नोंदीप्रमाणे फाइल मिळाली नाही की तो तसे कळवतो. आपली पत्रे, छायाचित्रे व हिशेब यांच्याशी या निरोपाचा बहुधा काहीच संबंध नसतो.

म्हणून पहिले काम हे की, निरोप जसाच्या तसा उतरून घ्यावा अथवा भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र काढावे. फाइलचे नाव आणि तिचा मार्ग यांतच निम्मे निदान असते. दुसरे काम, निरोप कोणत्या टप्प्यावर आला हे पाहणे. विंडोजचा परिचित पडदा दिसण्यापूर्वी आला, की आपण आत प्रवेश केल्यानंतर आला? उपाय या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

पडदा दिसण्यापूर्वीचा निरोप

विजेची कळ दाबताच संगणक प्रथम आपले यांत्रिक भाग तपासतो. मग तो डिस्कवरील एका लहान आज्ञावलीकडे कारभार सोपवतो आणि ती आज्ञावली विंडोजला जागे करते. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये या आज्ञावलीला एनटीएलडीआर म्हणत; नंतरच्या आवृत्त्यांत बूटएमजीआर हे नाव आले. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असा निरोप आला, तर संगणक चुकीच्या जागी शोध घेत असण्याची शक्यता आधी तपासावी. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावलेली राहिली असेल, तर ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

तेवढ्याने न भागल्यास संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, शोधाचा क्रम पाहावा व आपली डिस्क प्रथम आहे ना याची खात्री करावी. जुन्या संगणकात तारीख व वेळही मागे गेलेली दिसली, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपली असावी. ती संपली की ही मांडणी विसरली जाते. बॅटरी अल्प खर्चात बदलता येते. बायोसमध्ये डिस्कचे नावच दिसत नसेल, तर तिची जोडणी सैल झाली आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

डिस्क दिसत असूनही विंडोज सुरू होत नसेल, तर ‘स्टार्टअप रिपेअर’ ही विंडोजमधीलच सोय वापरावी. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. तो न आल्यास दुसऱ्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून, किमान 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजची प्रत तयार करून तिच्या साहाय्याने तो उघडता येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर 48 अंकी किल्ली मागितली जाते. ती पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ही किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवणे इष्ट होय.

प्रवेश केल्यानंतरचा निरोप

विंडोज व्यवस्थित सुरू होते आणि मग लहानशी चौकट येते की, अमुक ‘डीएलएल’ फाइल सापडली नाही. अशा चौकटीवर ‘रनडीएलएल’ असे शीर्षक असल्यास प्रकार बहुधा सौम्य असतो. एखादी आज्ञावली अर्धवट काढलेली असते, किंवा विषाणुप्रतिबंधक आज्ञावलीने विषाणूची फाइल काढून टाकलेली असते. मात्र ‘सुरुवातीला ही फाइल चालवावी’ ही नोंद मागे राहते. येथे फाइल परत आणावयाची नसून शिल्लक राहिलेली नोंद रद्द करावयाची असते.

त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील ‘स्टार्टअप’ विभागात जावे. निरोपातील नावाशी जुळणारी नोंद शोधून ती ‘डिसेबल’ करावी. चिन्ह नसलेली व नुसते ‘प्रोग्राम’ असे नाव असलेली नोंद बहुधा अशीच पोरकी असते. तेथे काही न सापडल्यास टास्क शेड्युलरमध्ये पाहावे. मायक्रोसॉफ्टची ऑटोरन्स ही विनामूल्य आज्ञावली ज्यांची फाइल सापडत नाही अशा नोंदी पिवळ्या रंगात दाखविते. नोंद लगेच पुसू नये. प्रथम तिची खूण काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि सर्व ठीक असेल तरच ती पुसावी. विषाणूचा संशय असेल तर संपूर्ण तपासणीही करून घ्यावी.

एखादी नेहमीची आज्ञावली ‘व्हीसीरनटाइम140’ यासारखी डीएलएल नाही म्हणून उघडत नसेल, तर मात्र फाइल खरोखरच हवी असते. ती आज्ञावली पुन्हा भरावी, किंवा मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी++ चा संच घ्यावा. विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याची शंका असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी लिपीत दोन आदेश क्रमाने द्यावेत : प्रथम ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाउ’. पहिला आदेश दुरुस्तीचा मूळ साठा नीट करतो. दुसरा त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलतो. यास वेळ लागतो. मध्येच संगणक बंद करू नये.

एका फाइलीचा महिमा

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. तेथे फाइल हरवलेली नव्हती, नको ती फाइल आलेली होती. उपाय काय होता? पुष्कळ ठिकाणी संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाइल पुसणे, एवढाच. संगणक मुळीच सुरू होत नाही म्हणून त्यातील सर्व काही गेले, असे मानण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानात यावे.

टाळावयाच्या दोन गोष्टी

हरवलेल्या फाइलीचे नाव शोधले की ती फुकट देऊ करणारी अनेक अनोळखी संकेतस्थळे पुढे येतात. तेथून फाइल घेऊ नये; तिच्या रूपाने विषाणू घरात येण्याचा धोका असतो. दुसरे असे की, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या निरोपात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. ‘या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा’ असे पडद्यावर आले, तर ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच, तर विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

फाइली बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे लेखन चालू असताना वीज जाणे. जुलै 2018 च्या अतिवृष्टीत नालासोपारा येथे लोहमार्ग पाण्याखाली गेला आणि वसई परिसराचा वीजपुरवठाही खंडित झाला, हे येथील रहिवासी विसरलेले नाहीत. किनाऱ्यावरील दमट, खारट हवेचा परिणाम जोडण्यांवर होतो तो वेगळाच. म्हणून संगणकास यूपीएस जोडावा, तो रीतसर बंद करावा, आणि तळमजल्यावरील कार्यालयात तो जमिनीवर ठेवू नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर व दुसरी अन्य ठिकाणी असावी.

फाइली वरचेवर हरवू लागल्या किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर डिस्क थकली असे समजून दुरुस्तीआधी प्रत काढावी. संगणक सुरू होत नसला तरी त्याची डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून प्रत बहुधा काढता येते. संगणक दुरुस्तीला देताना ‘आधी प्रत काढा, मग दुरुस्ती करा’ असे लेखी कळवावे. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांनी आणि सेवा केंद्रांच्या चालकांनी ही सूचना संगणकाशेजारी लावून ठेवल्यास, दप्तर आणि त्यावर विसंबलेले नागरिक, दोघांचेही हित साधेल.