मोडलेले हाड कसे सांधते?

सुताराने खुर्चीचा मोडका पाय कितीही कौशल्याने जोडला, तरी शोधणाऱ्याच्या डोळ्यांना जोडाची जागा सापडतेच. मडके तर एकदा फुटले की फुटलेच. सजीव शरीराची गोष्ट निराळी. पण शरीराचेही सर्व भाग सारखे नाहीत. गुडघ्याला खोल जखम झाली म्हणजे ती भरून येते खरी, परंतु तेथे मूळची त्वचा पुनः निर्माण होत नाही. तंतूंचे एक ठिगळ तेवढे बसते, आणि त्याचा व्रण जन्मभर राहतो. हाड मात्र ठिगळावर समाधान मानीत नाही. ते पुनः हाडच घडविते. लहान वयात मोडलेले हाड नीट बसविले गेले असेल, तर काही वर्षांनी क्ष-किरणांचे चित्र पाहूनही ते नेमके कोठे मोडले होते हे पुष्कळदा सांगता येत नाही. हे घडते कसे आणि मनुष्याला ते उमगले कसे, याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी आपली समजूत असते. कारण आपण पाहतो ते वाळलेले हाड. जिवंत हाडात रक्त खेळत असते आणि त्याच्या बाहेरून एक पातळ पण चिवट आवरण असते. त्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग चुना व स्फुरद यांच्या क्षारांचा, आणि उरलेला बहुतेक भाग चिवट तंतूंचा असतो. घरी कोंबडीचे हाड शिजले असेल, तर ते स्वच्छ करून काही दिवस तिखट शिरक्यात बुडवून ठेवावे. क्षार विरघळून जातात, आणि पुढे ते हाड वेताच्या कोवळ्या काडीसारखे वाकू लागते. उलट हाड विस्तवात जाळले, तर तंतू जळून जातात आणि राहिलेला सांगाडा बोटांनी चुरडता येतो. कठीणपणा क्षारांचा, चिवटपणा तंतूंचा. शिरक्यातले हे वाकणारे हाड वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हाड जिवंत आहे हे सिद्ध झाले ते जेवणाच्या मेजावर. जॉन बेल्चियर नावाचा एक इंग्रज शस्त्रवैद्य कापडावर छपाई करणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवावयास गेला असता, वाढलेल्या डुकराच्या मांसातील हाडे त्याला तांबडीलाल दिसली. चौकशी करता कळले की, छपाईच्या कारखान्यात मंजिष्ठाच्या रंगात भिजलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात असे. बेल्चियरने ही गोष्ट १७३६ मध्ये प्रसिद्ध केली. मंजिष्ठ आमच्या वैद्यांच्या व रंगाऱ्यांच्याही चांगल्या ओळखीचा. युरोपातील जात थोडी वेगळी, इतकेच. दुसरा कोणी असता तर नवल करून जेवून उठला असता. बेल्चियरने प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नामुळे एक शास्त्र पुढे सरकले.

फ्रान्समधील दुहामेल द्यू मोंसो याने हा धागा उचलला. हा मुळात वृक्षांचा अभ्यासक. त्याने जनावरांना काही दिवस मंजिष्ठ चारला, काही दिवस थांबविला, पुनः चारला. मागाहून हाड आडवे कापून पाहता तांबड्या व पांढऱ्या थरांची वलये दिसली. जो रंग त्या दिवसांत रक्तातून वाहत होता, तो त्या दिवसांत नव्याने बनलेल्या हाडातच उतरला होता. झाडाच्या सालीखाली जसे नवे लाकूड धरते, तसे हाडाच्या आवरणाखाली नवे हाड धरते, असे अनुमान त्याने १७४० नंतरच्या काही वर्षांत मांडले. वृक्षांचा अभ्यास केलेल्या माणसालाच हे सुचावे, यात आम्हांस मोठी मौज वाटते. पुढे लंडनच्या जॉन हंटरने असेच प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखविली: हाड नुसते वाढत नाही, तर एका बाजूने रचले जाते आणि दुसऱ्या बाजूने झिजविलेही जाते. आज आपण या दोन कामांच्या पेशी निरनिराळ्या ओळखतो. एक हाड रचणारी, दुसरी हाड खाणारी. गवंडी आणि पाडकाम करणारा मजूर जणू एकाच घरात जन्मभर कामाला असतात.

आता हाड मोडते तेव्हा काय होते ते पाहू. मोडलेल्या टोकांतून रक्त वाहून तेथे त्याची गुठळी होते. ती गुठळी निरुपयोगी नव्हे. दुरुस्तीची हाक तिच्यातूनच जाते. थोड्याच दिवसांत तेथे नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत तंतू व कूर्चा यांची एक मऊ गाठ दोन्ही टोकांना धरून ठेवते. आपल्या कानाच्या पाळीच्या वरचा भाग ज्या द्रव्याचा असतो, तेच हे कूर्चेचे द्रव्य. मग त्या गाठीत क्षार साठून ती कठीण होते. येथवर झालेले काम ओबडधोबड असते. मोडलेल्या जागी हाताला उंचवटा लागतो. पुढे कित्येक महिने, कधी कधी काही वर्षे, खाणाऱ्या व रचणाऱ्या पेशी मिळून हा उंचवटा घासूनपुसून मूळच्या आकारावर आणतात. ज्या बाजूवर भार अधिक पडतो तेथे हाड दाट होते, जेथे भार नाही तेथे विरळ होते. हा नियम जर्मन वैद्य यूलिउस व्होल्फ याने १८९२ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

हे सर्व ज्ञात होण्यापूर्वीही हाडे सांधली जातच होती. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. मोडलेले हाड ओढून जागेवर आणावे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू, वड अशा झाडांच्या साली वा कांबी लावून बांधावे. थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, असे त्यात स्पष्ट आहे. बालवयात हाड महिन्याने स्थिर होते, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, हेही सुश्रुताने नोंदले आहे. आजचा वैद्य याहून फारसे निराळे सांगणार नाही. परंतु आम्हांस त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते ते निराळेच: बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट असेल तर सूज व वेदना उत्पन्न होतात.

याच ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे. कारण आमच्या भागात काजू-आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणारी मुले काही थोडी नसतात. दोन वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाचे हाड असेच कोपराच्या वर मोडले. घरच्यांनी जवळच्या एका जाणत्या माणसाकडून बांबूच्या कांबी लावून हात करकचून बांधविला. रात्री मुलगा रडू लागला. हाड मोडले आहे तर दुखणारच, अशी सर्वांची समजूत झाली. सुदैवाने त्याची मावशी बोटे चाचपून पाहण्याइतकी सावध होती. बोटे थंडगार, फिकट पडलेली आणि मुंग्या आलेली. तिने बंध सोडविला व रातोरात त्याला शहरातील रुग्णालयात नेले, म्हणून हात वाचला. जर्मन शस्त्रवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान याने १८८१ मध्ये या आपत्तीचे वर्णन करून ठेविले आहे. सूज आतून दाबते, बंध बाहेरून दाबतो आणि रक्त स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. काही तासांतच स्नायू मरू लागतात, आणि मग हाड उत्तम सांधले तरी बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आखडलेली राहतात. प्लास्टर घातलेल्या हातासही हेच लागू आहे. बोटे हलविता येत नाहीत, वेदना क्षणोक्षणी वाढत आहेत, असे दिसले तर सकाळची वाट पाहत बसू नये. कोपर तेल लावून चोळण्याची चालही तितकीच घातक. चोळल्याने कित्येकदा चिरडलेल्या स्नायूतच हाड धरते आणि कोपर ताठ होते.

आमच्या हाडवैद्यांविषयी आम्हांस अनादर नाही. इंग्लंडातील अस्थिशास्त्राचा एक आद्य पुरुष ह्यू ओवेन टॉमस हा वेल्समधील परंपरागत हाडवैद्यांच्याच घराण्यातला. फरक इतकाच की, बापाने त्याला रीतसर वैद्यकी शिकविली, आणि घरचा हातगुण व शाळेतील विद्या त्याच्यात एकत्र आली. प्लास्टरची पट्टी त्यापूर्वी १८५२ मध्ये अंतोनिउस माथेइसन या डच लष्करी वैद्याने प्रचारात आणली होती. आणि १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडल्यावर चाचपून अंदाज करण्याचे दिवस संपले.

तरीही काही हाडे सांधतच नसत. महिने लोटले तरी दोन टोकांमध्ये लवचीक तंतूच राहत आणि पाय नको तेथे वाकत असे. या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण उत्तर आले ते पश्चिम सैबेरियातील कुर्गान प्रांतातून. गावरील इलिझारोव्ह याचा जन्म १९२१ चा. वैद्यकीचे शिक्षण संपवून १९४४ मध्ये तो दोल्गोव्का या खेड्यात वैद्य म्हणून रुजू झाला. युद्धाचा काळ, अपंग होऊन परतलेल्या सैनिकांची रीघ, आणि साधनांची टंचाई. १९५१ च्या सुमारास त्याने एक यंत्र रचले. मोडलेल्या हाडाच्या वर व खाली पोलादी कडी. सायकलच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार जाऊन त्या कड्यांना बांधलेल्या. आणि कडी एकमेकांना आटे पाडलेल्या दांड्यांनी जोडलेली. नट फिरवावा तशी कडी जवळ येतात वा दूर जातात. मुख्य गोष्ट अशी की, रोगी खाटेला खिळून राहत नाही; त्याच पायावर भार देऊन चालतो.

आरंभी हाडाची टोके एकमेकांवर दाबून धरण्यासाठी हे यंत्र होते. एका रोग्याने नट उलट फिरविले, टोके दूर गेली, आणि मधल्या जागेत नवे हाड धरलेले दिसले, असे सांगतात. गोष्ट कशीही घडली असो, पुढचे काम योगायोगाचे नव्हते. इलिझारोव्हने कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. हाड हलक्या हाताने छेदून काही दिवस तसेच राहू द्यावयाचे व मग ओढावयास लागावयाचे. रोज अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड वेळेपूर्वीच सांधून बसते. दोन मिलिमीटर ओढले तर नाजूक ऊती फाटतात. एक मिलिमीटर हा योग्य वेग. तोही एकदम नव्हे, पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. अशा संथ ताणाखाली हाडच नव्हे, तर रक्तवाहिन्या, स्नायू, मज्जातंतू आणि त्वचाही वाढते. दहा सेंटीमीटरांची उणीव भरावयाची तर शंभर दिवस नट फिरवावे लागतात, आणि नवे हाड पक्के होईपर्यंत त्याहून पुष्कळ अधिक काळ कडी वागवावी लागतात. वेदना होतात, तारांच्या मुळाशी पू धरण्याचे भय असते. हा उपाय सोपा आहे असे कोणी समजू नये.

मॉस्कोतील मोठमोठ्या वैद्यांनी या खेड्यातल्या वैद्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. त्याची कीर्ती देशभर झाली ती एका खेळाडूमुळे. वालेरी ब्रूमेल याने १९६३ मध्ये २.२८ मीटरांची उंच उडी मारून जागतिक विक्रम केला होता आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले होते. १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा उजवा पाय चिरडला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड सांधेना, तेव्हा १९६८ मध्ये तो कुर्गानला गेला. तो पुनः चालू लागला इतकेच नव्हे, तर त्याने पुढे २ मीटरांहून उंच उडीही मारली. कुर्गान येथे १९७१ मध्ये स्वतंत्र संशोधनसंस्था उभी राहिली. कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक मोडलेला पाय कित्येक वर्षे ओढीत हिंडत होता. १९८० मध्ये तो तेथून बरा होऊन परतला, तेव्हा त्याचा पाय पाहून इटलीतील वैद्य चकित झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इलिझारोव्हला व्याख्यानास बोलाविले. अशा रीतीने तीस वर्षांनी ही विद्या पश्चिमेकडे पोहोचली. इलिझारोव्ह १९९२ मध्ये वारला. आज भारतातही अनेक रुग्णालयांतून त्याची पद्धत वापरली जाते.

आता शिरक्यातल्या हाडाकडे वळू. अमेरिकन शस्त्रवैद्य मार्शल युरिस्ट याने तसेच, आम्लात क्षार काढून टाकलेले हाड जनावरांच्या स्नायूत ठेवले. काही आठवड्यांनी तेथे, जेथे हाडाचे काही काम नाही अशा मांसात, नवे हाड तयार झाले. हा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडाच्या तंतूंत असे काही प्रथिन दडलेले आहे की, जे भोवतालच्या पेशींना हाड घडविण्याची आज्ञा देते, हे त्यावरून उघड झाले. १९८८ पर्यंत त्या प्रथिनांची घडण संशोधकांच्या हाती आली, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्यांपैकी एकाला पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. मात्र तेच औषध मानेच्या मणक्यांत वापरले असता काही रोग्यांच्या घशाला इतकी सूज आली की श्वास कोंडला; २००८ मध्ये सरकारी खात्याला तसा इशारा द्यावा लागला. हाड रचण्याची आज्ञा देता आली, तरी ती कोठवर पोहोचावी हे ठरविणे तितके सोपे नाही.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेची गोष्ट तर याहून कठीण. गुडघ्यात, घोट्यात जी दोन हाडे एकमेकांवर फिरतात, त्यांच्या या अस्तरात रक्तवाहिन्याच नाहीत. तेथे गुठळी होत नाही, हाक जात नाही, गवंडी येत नाही. ती एकदा खोलवर फाटली की मूळच्यासारखी भरून येत नाही, आणि जगभरच्या प्रयोगशाळांतून सध्या तिच्यावरच मोठे परिश्रम चालू आहेत.