पेटीचा श्वास

मुलांनो, कव्वाली ऐकताना तुम्ही हार्मोनियम पाहिली असेल. मराठीत तिला 'पेटी' म्हणतात. भाता हलवला की हवा आत भरते. पट्टी दाबली की ती हवा पितळी सुरातून बाहेर पडते आणि नाद उमटतो. हवा हाच पेटीचा श्वास!

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा फार कडक असतो. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. मग जोड सुटतात, फटी पडतात व हवा गळते. एकही पट्टी न दाबता भाता दाबून पाहा. तो जड लागला तर पेटी ठीक आहे. सहज मिटला तर गळती आहे.

कारागीर फटीत लाकडाची बारीक चीप सरसाने बसवतो. ऊब व ओल दिली की सरस सुटतो. त्यामुळे पुढे कोणालाही पेटी पुन्हा उघडता येते. नंतर तो आतल्या लाकडाला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावतो. लाकडाची सूक्ष्म छिद्रे बुजतात. ही लाख पळसासारख्या झाडांवरचे किडे तयार करतात.

परदेशात कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे जुने पियानो आहेत. तेही हवेवरच चालतात. त्यांच्या लाकडालाही अशीच लाख लावतात.

म्हणून जुनी, मुकी पेटी भंगारात देऊ नका. आधी तिचा श्वास कोठे निसटतो ते शोधा.

शब्दार्थ : आकसणे - लहान होणे; सरस - जनावरांच्या कातड्यापासून केलेला डिंक.

प्रश्न : कारागीर सरसच का वापरतो?