लेखकानेच पुस्तक मागे घेतले, हे खरे का?

प्रश्न : आमच्या चर्चच्या तरुण संघात ‘ख्रिस्ती मुलामुलींनी डेटिंग करायचे नाही, लग्नाआधी चुंबनसुद्धा नाही’ असे शिकवतात आणि जोशुआ हॅरिस यांच्या पुस्तकाचा आधार देतात. त्या लेखकानेच ते पुस्तक मागे घेतले, असे नुकतेच ऐकले. हे खरे का? खरे असेल, तर आम्ही काय धरून चालायचे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे. ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’ हे पुस्तक १९९७ साली अमेरिकेत निघाले. लिहिताना हॅरिस २१ वर्षांचे होते आणि त्यांचे लग्न झालेले नव्हते. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे ते मेरीलँडमधल्या एका मोठ्या चर्चचे पाळक झाले. वाचक मोठे झाले, त्यांतले अनेक जण आपल्याला काय सोसावे लागले ते लिहू लागले आणि हॅरिस यांनी ते ऐकून घेतले. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, पुस्तकाचे प्रकाशन थांबवले आणि या प्रवासावर एक माहितीपटही आला. २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती राहिलो नाही, असे त्यांनी सांगितले. हा शेवटचा भाग सांगून पुस्तकावरची टीका उडवून लावणारे भेटतात. पण माफी आधी आली होती, आणि ती मागताना ते ख्रिस्तीच होते.

पुस्तकाची सुरुवात एका स्वप्नाने होते. लग्नाच्या वेदीपाशी वराशेजारी एकेक मुलगी येऊन उभी राहते. प्रत्येकीला त्याने पूर्वी आपल्या हृदयाचा तुकडा दिलेला असतो, आणि वधूसाठी उरते ते उरलेसुरले. चित्र मनाला भिडते, यात शंका नाही. पण त्यात प्रेम हा संपत जाणारा साठा ठरतो. हे बायबलमध्ये कुठेही नाही.

ही कल्पना ज्या वातावरणात रुजली तेही पाहायला हवे. १९९३ साली अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी ‘ट्रू लव्ह वेट्स’ ही मोहीम सुरू केली. लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही, अशा शपथेच्या कार्डावर किशोरवयीन मुले सही करत. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अशी दोन लाखांवर कार्डे मांडली गेली. शिकवताना चघळलेले च्युइंगम किंवा पाकळ्या खुडलेला गुलाब दाखवायचा आणि विचारायचे, आता हे कोणाला हवे? विचारले जाई मुख्यतः मुलींना. ज्या मुलीवर लहानपणी अत्याचार झाला होता तीही त्याच वर्गात बसलेली असे. तिने त्या गुलाबात काय पाहिले असेल, हे शिकवणाऱ्यांच्या मनातही आले नाही. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर चूक ही वाटते.

शपथेचा उपयोग झाला का? पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांच्या २००१ च्या अभ्यासात शपथ घेणाऱ्यांचा पहिला शरीरसंबंध सुमारे दीड वर्षाने लांबलेला दिसला, तोही सगळीकडे नाही. नंतर जॅनेट रोझेनबॉम यांनी शपथ घेणाऱ्यांची तुलना त्यांच्यासारख्याच श्रद्धेच्या, पण शपथ न घेतलेल्या मुलांशी केली. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लैंगिक वर्तनात फारसा फरक नव्हता. शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जण अशी शपथ घेतल्याचेच नाकारत होते. ठळक फरक एकाच ठिकाणी होता : शपथवाले कंडोम आणि इतर गर्भनिरोधके कमी वापरत होते. जे घडणारच नाही असे मानायचे, त्याची तयारी कोण करणार?

आता ‘काय धरून चालायचे’ हा तुमचा खरा प्रश्न. लग्नाबाहेर शरीरसंबंध नको, ही शिकवण हॅरिस यांची नव्हे. ती बहुतेक चर्चची जुनी शिकवण आहे आणि ती प्रामाणिकपणे पाळणाऱ्यांचा मी आदर करते. डेटिंगबद्दल मात्र बायबल गप्प आहे, कारण त्या काळी तशी चालच नव्हती. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब विहिरीपाशी राहेलीला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तिचे चुंबन घेतो. ते नातलगाचे अभिवादन होते, त्यावरून नियम काढू नये. पण उलटा नियमही काढू नये. ‘गीतरत्न’ हे अख्खे पुस्तक प्रियकर-प्रेयसीच्या ओढीचे आहे. हॅरिस यांचा पर्याय होता वडिलांच्या परवानगीने, लग्नाच्याच हेतूने भेटण्याचा. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या घरात ही गोष्ट नवी नाही. म्हणूनच इथे ती सहज पवित्र वाटते आणि घरच्यांच्या धाकाला देवाच्या आज्ञेचे वजन येते.

माणसाची ओळख कशावर ठरते, याचे उत्तर मी योहानाच्या शुभवर्तमानात शोधते. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला पाच नवरे होऊन गेले होते आणि आता ती ज्याच्याबरोबर राहत होती तो तिचा नवरा नव्हता. येशू हे जाणतो, बोलूनही दाखवतो, आणि तिच्याशीच उपासनेबद्दल गहन चर्चा करतो. ती गावात जाऊन त्याच्याविषयी सांगते आणि गाव ऐकते. च्युइंगमचा धडा देणाऱ्यांनी तिला बोलूच दिले नसते.

अशा शिकवणीत समलैंगिक मुलामुलींचाही विचार हवा. त्यांच्याबाबत ‘ख्रिस्ती मत’ एकच आहे, असे सांगणारा अर्धी माहिती देतो. कॅथलिक शिकवण शरीरसंबंध स्त्री-पुरुषाच्या विवाहातच मानते. पण या व्यक्तींना आदराने स्वीकारावे, अन्याय्य भेदभाव करू नये, असे तिच्या धर्मशिक्षण ग्रंथातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्याची मुभा दिली. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च २०१५ पासून त्यांचे विवाहही लावते. सदर्न बाप्टिस्टांचा ठाम विरोध आहे. तुमच्या संघातही असे कोणी मुकाट्याने बसलेले असू शकते, हे ध्यानात ठेवून बोला.

संघ चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे : अठरा वर्षांखालच्या कोणाकडूनही शपथकार्डावर सही घेऊ नका. एखाद्या डॉक्टरबाईंना बोलावून संमती, गर्भनिरोध आणि अत्याचार झाल्यास मदत कुठे मागायची, हे मुलामुलींना एकत्र बसवून सांगा. आणि ते पुस्तक संघाच्या कपाटात असेल तर फेकू नका. त्याच्याबरोबर लेखकाचे २०१८ चे निवेदनही वाचायला ठेवा.