एका वैमानिकाचें परत येणें

विद्यार्थिमित्रहो, इतिहासांत आपण सेनापतींचीं नांवें पाठ करतों. परंतु ज्यांना समाधिही लाभली नाहीं अशा वीरांचें स्मरण कसें ठेवावें, हा धडा आम्हांस कॅप्टन लॉरेन्स डिक्सन यांच्या चरित्रांत आढळतो.

डिक्सन हे अमेरिकेंतील कृष्णवर्णी वैमानिक. त्या काळीं अमेरिकन सैन्यांत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. म्हणून काळ्या वैमानिकांचें शिक्षण टस्कीगी येथें निराळें होई. ता. २३ डिसेंबर १९४४ रोजीं इटलींतील रामितेल्ली तळावरून ते लढाऊ विमान घेऊन टेहळणीच्या कामगिरीवर गेले. परततांना यंत्र बंद पडलें व इटली-ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर विमान कोसळलें. वय अवघें २४ वर्षांचें. मागें पत्नी व लहान कन्या.

युद्धानंतर शोध झाला, पण तो इटलीच्या बाजूस. १९४९ सालीं तोही थांबला. पुढें जुनीं दप्तरें चाळतां खरें स्थळ ऑस्ट्रियांतील होहेनथुर्न गांवाजवळ असल्याचें समजलें. २०१७ सालीं विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं तेथील माती खणून चाळली. अस्थि सांपडल्या व २०१८ सालीं डीएनए परीक्षेनें ओळख पटली. टस्कीगीच्या बेपत्ता वैमानिकांपैकीं ओळख पटलेले हे पहिले. २०१९ सालीं आर्लिंग्टन येथें लष्करी इतमामानें दफनविधि झाला. पत्नी तत्पूर्वींच निवर्तली होती, कन्या मात्र उपस्थित होती.

ज्यांना राष्ट्रानें जिवंतपणीं वेगळ्या पंक्तीस बसविलें, त्यांचें ऋण त्याच राष्ट्रानें ७४ वर्षांनीं मान्य केलें. फार उशीर झाला खरा. तथापि तें ऋण फिटलें तें तुमच्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या हातून, हें आम्हीं विसरूं नये.